एका सूचनेतून उभं राहिलेलं शहर

१९६४ साली मुंबई महापालिकेने शहराच्या विकास आराखड्याचा मसुदा लोकांसमोर ठेवला आणि रीतीप्रमाणे हरकती व सूचना मागवल्या. अशा वेळी बहुतेक अर्ज एकाच प्रकारचे येतात: माझ्या जागेवरचं आरक्षण काढा, रस्ता माझ्या कुंपणाच्या पलीकडून न्या. त्या वर्षी मात्र तिघांनी मिळून वेगळंच निवेदन केलं. एखादं आरक्षण किंवा एखादा रस्ता बदलावा एवढंच त्यांचं म्हणणं नव्हतं. शहर वाढवण्याची दिशाच चुकली आहे, मुंबईने उत्तरेकडे लांबत जाण्याऐवजी खाडी ओलांडून पूर्वेला गेलं पाहिजे, असं ते सांगत होते. सरकारने सहा वर्षांनी ही कल्पना उचलली आणि तिच्यातून आजची नवी मुंबई झाली.

त्या तिघांपैकी चार्ल्स कोरिया हे नाव जगभर गाजलं. शिरीष पटेल हे स्थापत्य अभियंते. केम्प्स कॉर्नरच्या उड्डाणपुलामुळे मुंबईकर त्यांना ओळखत. तिसरं नाव प्रवीणा मेहता. हे नाव बऱ्याचदा यादीत शेवटी येतं, आणि कित्येकदा येतच नाही. हा लेख त्यांच्याबद्दल आहे. तो अहेरीच्या वाचकासाठी का लिहावासा वाटला, याचं कारण पुढे येईलच. आत्ता एवढंच सांगतो की नवी मुंबई ज्या प्रश्नांतून जन्मली ते प्रश्न आज प्राणहितेच्या काठावर येऊन उभे आहेत.

बाईने बांधकाम करवणं आपल्या मुलखाला नवीन नाही. चंद्रपूरला गोंड राजा बीरशहाची देखणी समाधी आहे. ती राणी हिराईने बांधवली. महाकाली मंदिराच्या उभारणीचं श्रेयही परंपरेने तिलाच दिलं जातं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या त्या राणीकडे सत्ता होती, खजिना होता. पण सामान्य घरातल्या बाईने वास्तुकला शिकावी, परीक्षा द्यावी, नकाशे काढावेत आणि त्यावर पोट भरावं, ही वाट उघडायला विसावं शतक उजाडावं लागलं. मुंबईच्या सर जे. जे. मधून १९३६ साली पेरीन जमशेटजी मिस्त्री वास्तुकलेची पदविका घेऊन बाहेर पडल्या. भारतात ही पात्रता मिळवणारी पहिली स्त्री म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. वडील स्वतः वास्तुरचनाकार होते. त्यांच्याच कचेरीत पेरीनबाई रुजू झाल्या आणि बंगल्यांपासून कचेऱ्या-कारखान्यांपर्यंतची कामं त्यांनी अनेक वर्षं केली. घरचं दार उघडं असलं की पहिलं पाऊल जरा सोपं जातं, हे खरं. तरी ते टाकावं लागतंच.

त्याच जे. जे.मध्ये १९४० च्या दशकात प्रवीणा मेहता शिकायला आल्या. ते दशक वर्गात शांत बसून शिकण्याचं नव्हतं. श्रीलंकेहून शिकायला आलेली मिनेट डिसिल्वा गांधीजींच्या सुटकेसाठी निघालेल्या मोर्चात गेली, म्हणून तिला याच संस्थेतून काढून टाकण्यात आलं. पुढे तिने मायदेशी जाऊन वास्तुकलेत मोठं नाव मिळवलं. प्रवीणाबाईही स्वातंत्र्यलढ्यात उतरल्या आणि त्यांचं शिक्षण मध्येच अडलं. त्यांच्या पुढच्या कामाकडे पाहताना ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ज्या मुलीने कोवळ्या वयात सरकारला ‘हे चूक आहे’ असं रस्त्यावर उतरून सांगितलं होतं, तिला वीसेक वर्षांनी महापालिकेच्या मसुद्यावर तेच लिहून द्यायला भीती का वाटावी?

लढ्यानंतर त्या अमेरिकेला गेल्या. शिकागोत त्यांनी वास्तुकला आणि त्यापुढे नगररचनाही शिकून घेतली. हे दोन विषय शेजारचे असले तरी एक नव्हेत. वास्तुरचनाकाराला एक भूखंड, एक मालक आणि एक इमारत सांभाळायची असते. नगररचनाकाराला न जन्मलेल्या माणसांचा विचार करावा लागतो: वीस वर्षांनी इथे किती लोक राहतील, ते कामाला कुठे जातील, पाणी कुठून पितील, आजारी पडले तर किती वेळात दवाखान्यात पोचतील. इमारत चुकली तर एक कुटुंब त्रास काढतं. नगररचना चुकली तर दोन-तीन पिढ्या तिची किंमत मोजतात, आणि ती चूक कुणाची होती हेही तोवर कुणाला आठवत नाही.

पन्नासच्या दशकात परत येऊन प्रवीणाबाईंनी मुंबईत स्वतःचा व्यवसाय सुरू केला. १९६२ चं किहीमचं पटेलांचं घर आणि १९६३ चा मद्रासचा वेल्डिंग इलेक्ट्रोडचा कारखाना ही त्यांची नावाजलेली कामं. आपल्या उन्हाचा, वाऱ्याचा, पावसाचा विचार करून आधुनिक इमारत बांधायची, ही त्या पिढीची धडपड त्यांच्याही कामात होती. झोपडवस्त्यांच्या सुधारणेत आणि भूकंपात घरं गमावलेल्यांसाठी कमी खर्चाचे निवारे उभे करण्यातही त्यांनी लक्ष घातलं. बंगला, कारखाना आणि झोपडी ही तिन्ही कामं एकाच गांभीर्याने करणारे वास्तुरचनाकार आजही थोडेच सापडतील.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. १९५१ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे ३० लाख होती, १९६१ मध्ये ती साडेएकेचाळीस लाखांवर गेली. मुंबई हे दक्षिणोत्तर पसरलेलं चिंचोळं बेट. कचेऱ्या, बँका, गोदी, सचिवालय सगळं दक्षिणेच्या टोकाला, आणि नवी वस्ती मात्र दिवसेंदिवस उत्तरेला सरकणारी. त्यामुळे सकाळी सगळं शहर दक्षिणेकडे धावायचं आणि संध्याकाळी उत्तरेकडे. सकाळी दक्षिणेला जाणारी गाडी खच्चून भरलेली, उलट जाणारी बरीचशी रिकामी. कावडीच्या एकाच टोकाला घागर बांधून चालल्यासारखं ते शहर चाललं होतं. महापालिकेचा मसुदा तिच्या हद्दीपुरताच होता. हद्दीच्या आत जितकं करता येईल तितकं करायचं, म्हणजे उपनगरांत आणखी वस्ती, आणखी रस्ते.

तिघांचं म्हणणं असं की दुखणं हद्दीच्या आत आहे, पण औषध हद्दीबाहेर आहे. ठाण्याच्या खाडीपलीकडे मुख्य भूमी होती. तिथे नुसती झोपायची उपनगरं वसवून भागणार नव्हतं. तिथे रोजगार हवा, सरकारी कचेऱ्या हव्यात, बाजारपेठा हव्यात. तसं झालं तर लोक दोन्ही दिशांना जातील-येतील, लोकल दोन्ही बाजूंनी भरतील आणि बेटावरचा भार हलका होईल. दक्षिणोत्तर ताणलेलं शहर पूर्व-पश्चिम रुंदावेल.

पैशाचा हिशेबही त्यांच्यापाशी होता, आणि मला तो या योजनेचा सगळ्यात चाणाक्ष भाग वाटतो. शहर जवळ आलं की शेतजमिनीची किंमत आपोआप वाढते. मालकाने त्यासाठी काही केलेलं नसतं. रस्ता सरकार करतं, पाणी सरकार आणतं, आणि फायदा आधीच जमिनी घेऊन बसलेल्या दलालाच्या खिशात जातो. त्याऐवजी सार्वजनिक संस्थेने जमीन आधी घ्यावी, रस्ते-पाणी-गटारं करावीत, भूखंड विकावेत आणि वाढलेल्या किमतीतून शहराचा खर्च भागवावा. म्हणजे शहर स्वतःच्या जमिनीवर स्वतःचं पोट भरील.

१९६५ साली ‘मार्ग’ या नियतकालिकाने मुंबईच्या नियोजनावर अंक काढला आणि त्यात या तिघांचा प्रस्ताव सविस्तर छापला. एका कलाविषयक नियतकालिकात शहराचं भवितव्य चर्चिलं गेलं, ही त्या काळची श्रीमंती. पुढे चक्रं फिरली. धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने विकेंद्रीकरणाची आणि खाडीपलीकडच्या वाढीची शिफारस केली. १९६६ साली महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम झाला. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण भागांतल्या ९५ गावांचा, ३४४ चौरस किलोमीटरचा प्रदेश नव्या शहरासाठी ठरला. वीस लाख लोकांसाठी शहर वसवायचं होतं. कोरिया सिडकोचे मुख्य वास्तुरचनाकार झाले, शिरीष पटेल नियोजन आणि बांधकामाचे संचालक. सिडकोच्या पुढच्या इतिहासात या दोघांची नावं ठळक झाली आणि प्रवीणाबाईंचं नाव मागे पडत गेलं. प्रस्तावावर मात्र तिघांचं नाव बरोबरीने आहे, आणि ते तसंच घेतलं गेलं पाहिजे.

योजना कितपत साधली? वाशीचा पूल १९७३ साली झाला. रेल्वे वाशीला पोचली १९९२ मध्ये, म्हणजे सिडको स्थापन झाल्यावर २२ वर्षांनी. तोवर नवं शहर पायाने पांगळंच होतं. घाऊक बाजार इकडे आले, न्हावा-शेवाचं बंदर १९८९ साली सुरू झालं. २०११ च्या जनगणनेत एकट्या नवी मुंबई महापालिकेची लोकसंख्या ११ लाखांवर होती. रुंद रस्ते, भरपूर मोकळी जागा आणि स्वतःचं धरण असलेलं हे शहर राहायला चांगलं आहे, हे तिथे राहणारा कुणीही सांगेल.

पण योजनेचं हृदय होतं ते सरकारचं स्थलांतर. राज्याचा कारभारच खाडीपलीकडे न्यावा, त्याच्या मागे कचेऱ्या, बँका, माणसं आपोआप जातील, असा विचार होता. मंत्रालय हललं नाही. उलट त्याच वर्षांत नरिमन पॉइंटला समुद्र भरून टोलेजंग कचेऱ्या उभ्या राहिल्या. एका हाताने नवं शहर वसवायचं आणि दुसऱ्या हाताने जुन्याच टोकावर आणखी भार टाकायचा. माझ्या मते नवी मुंबईचं सगळ्यात मोठं नुकसान या एका निर्णयाने केलं.

दुसरी जखम जास्त खोल आहे. त्या ९५ गावांत आगरी, कोळी, कराडी शेतकरी राहत होते. भातशेती, मिठागरं, खाडीतली मासळी हे त्यांचं जगणं. वाढत्या किमतीचा फायदा शहराला मिळावा, हा हिशेब कागदावर न्याय्य होता. पण ज्याची जमीन गेली त्याचा या हिशेबात वाटा किती, याचं उत्तर आधी ठरलेलं नव्हतं. ते उत्तर रस्त्यावर मिळवावं लागलं. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये उरणला झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्यानंतरच्या लढ्यातून प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व आलं. पाच माणसं गेल्यावर जे मान्य झालं, ते पहिल्याच आराखड्यात लिहिता आलं असतं. प्रवीणाबाईंचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा मनापासून आदर करूनही हे म्हणावंच लागतं.

आता अहेरीकडे वळू. २०१५ साली अहेरीची नगरपंचायत झाली. नागेपल्ली मध्ये धरून आलापल्लीपर्यंतचा रस्ता दोन्ही बाजूंनी भरत चालला आहे. दुकानं, गॅरेज, भाड्याच्या खोल्या, प्लॉटच्या पाट्या दिसतात. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडचं लोहखनिज २०२१ पासून पुन्हा मोठ्या प्रमाणावर निघू लागलं आणि त्याचे ट्रक आलापल्लीवरून धावू लागले. चामोर्शी तालुक्यात कोनसरीला पोलाद प्रकल्प उभा राहतो आहे. २०२४ च्या जुलैत खुद्द अहेरी तालुक्यात वडलापेठला पोलाद कारखान्याचं भूमिपूजन झालं. गडचिरोलीला पोलादाचा जिल्हा करण्याची भाषा सरकार उघडपणे करतं. पोलाद येईल तर माणसं येतील: अभियंते, मजूर, चालक, हॉटेलवाले, शिक्षक. ती कुठे राहतील?

हा प्रश्न आधी विचारला नाही तर काय होतं, ते आपण शेजारीच पाहिलं आहे. चंद्रपूरभोवती कोळसा, वीज, सिमेंट, कागद सगळं आलं आणि शहर त्यांच्या मागे धापा टाकत वाढलं. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक क्षेत्रांची पाहणी केली, तेव्हा अतिगंभीर प्रदूषित क्षेत्रांत चंद्रपूर अगदी वरच्या क्रमांकांत होतं.

मुंबईचा १९६४ चा अनुभव इथे जसाच्या तसा लागू पडतो. नगरपंचायतीचा आराखडा नगरपंचायतीच्या हद्दीला थांबतो. पण अहेरी, नागेपल्ली आणि आलापल्ली हे आता रोजच्या व्यवहारात एकच गाव झालं आहे. सकाळी इकडची माणसं तिकडे आणि तिकडची इकडे. ट्रकांचा रस्ता एका ठिकाणी, दवाखाना दुसऱ्या ठिकाणी, वनविभागाची जमीन तिसऱ्या. तिन्हींचा एकत्र विचार केला नाही तर वळणरस्ता कुणीच आखणार नाही आणि शाळेची मुलं ट्रकांच्या मधूनच रस्ता ओलांडत राहतील. अहेरी जिल्हा व्हावा ही जुनी मागणी आहे. तो झाला, तर जिल्हा कचेऱ्या कुठे बसतील हे फार जपून ठरवावं लागेल, कारण कचेरी जिथे बसते तिकडेच गाव झुकतं. मंत्रालयाने हे पन्नास वर्षं दाखवून दिलं आहे.

आणखी एक बाब मुंबईला नव्हती, आपल्याला आहे. अहेरी तालुका पाचव्या अनुसूचीतल्या क्षेत्रात येतो. १९९६ च्या पेसा कायद्याने इथल्या ग्रामसभेला जमीन संपादनाआधी विचारात घेण्याचा हक्क दिला, २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलावरचा सामूहिक हक्क मान्य केला. आपल्याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखाने तो देशात सर्वांत आधी मिळवून दाखवला. पण पेसा हा पंचायतींचा कायदा आहे. गाव नगरपंचायतीत गेलं की ग्रामसभेचं ते बळ सुटतं, आणि अनुसूचित क्षेत्रातल्या शहरांसाठी तसा कायदा संसदेने अजून केलेला नाही. म्हणजे आराखड्याची रेघ एखाद्या टोल्याच्या या बाजूने गेली की त्या बाजूने, यावर तिथल्या माणसाचे हक्क ठरतात. उरणच्या शेतकऱ्याला जे लढून मिळवावं लागलं, ते इथे रेघ मारतानाच ठरवता येईल. अजून वेळ आहे.

नगररचनेत बायका हव्यात, असं मी ठामपणे म्हणतो. भामरागडची पर्लकोटा पावसाळ्यात पुलावरून वाहू लागली की रस्ता तुटतो, आणि बाळंतपणाला निघालेली बाई अलीकडे की पलीकडे यावर जीव अवलंबून असतो. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्राशेजारी माहेरघर असतं: तारीख जवळ आलेल्या बाईने आधीच येऊन राहण्याची जागा. हीसुद्धा नगररचनाच आहे. शोधग्रामचा दवाखाना बांधण्याआधी डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी आदिवासींना विचारलं, तुम्हाला दवाखाना कसा हवा? मोठ्या इमारतीची भीती वाटते, सोबतच्या माणसाला राहता यावं, असं लोकांनी सांगितलं, आणि दंतेश्वरीच्या नावाचा तो दवाखाना झोपड्यांच्या गावासारखा उभा राहिला. आठवडी बाजारात भाजी विकायला दिवसभर बसणाऱ्या बाईसाठी संडास कुठे असावा, बसस्थानकापासून मुलींच्या वसतिगृहापर्यंतच्या रस्त्यावर दिवे असावेत की नाही, प्राणहितेची पूररेषा गरिबाच्या वस्तीतून जाते का, हे नकाशावर मांडणारी माणसं हवीत. आलापल्ली-अहेरीच्या शाळांत आज शिकणारी एखादी गोंड किंवा माडिया मुलगी उद्या नगररचना शिकली, तर तिला हे प्रश्न पुस्तकातून शोधावे लागणार नाहीत. बारावीनंतर वास्तुकलेची आणि नियोजनाची पदवी असते, हे तिला कुणीतरी सांगायला मात्र हवं. शिक्षकांनो, तेवढं सांगा.

बाकीच्यांसाठी एक साधं काम आहे. कायद्याने विकास आराखड्याचा मसुदा लोकांना पाहायला ठेवावाच लागतो आणि ठरलेल्या मुदतीत हरकती-सूचना घ्याव्याच लागतात. तो नकाशा नगरपंचायतीत जाऊन बघा. आपला प्लॉट सापडला की परत फिरू नका, सगळा नकाशा बघा. रस्ता कुणाच्या शेतातून जातो, तलाव दाखवला आहे की बुजवला आहे, ट्रक कुठून जातील, नवी माणसं कुठे राहतील, हे विचारा आणि लेखी द्या. अर्जावर शिक्का मारून घ्या आणि एक प्रत आपल्याजवळ ठेवा.